अप्रकट उष्मा की सुप्त उष्मा?

प्रश्न असा आलाय की 'लेटंट हीट'ला, म्हणजे बर्फ वितळताना किंवा पाण्याची वाफ होताना तापमान न वाढवता आत जाणाऱ्या उष्णतेला, शाळेच्या पुस्तकात 'अप्रकट उष्मा' आहे, काही जण 'सुप्त उष्मा' लिहितात, हिंदीत 'गुप्त', तर बरोबर काय? अप्रकट. पण आधी ते 'आज तापमान किती गरम आहे' बोलणं बंद करा. तापमान जास्त असतं नाहीतर कमी, गरम असते ती वस्तू! तापमान म्हणजेच उष्णता हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं काहीच कळत नाही. ० अंशाचा बर्फ ढवळत ढवळत तापवा, शेवटचा तुकडा वितळेपर्यंत थर्मामीटर ०वरून हलत नाही आणि तोवर दर ग्रॅममागे ८० कॅलरी आत गेलेल्या असतात. अठराव्या शतकात ग्लासगोला जोसेफ ब्लॅकने हे मोजून दाखवलं आणि त्याला 'लेटंट' म्हटलं, लॅटिनमध्ये म्हणजे दडून असलेली. दडली कोणापासून, तर थर्मामीटरपासून. 'सुप्त'वाल्यांना इथे झोप कुठे दिसते कळत नाही, ती तर रेणूंची एकमेकांवरची पकड सोडवण्यात खर्ची पडत असते. वाफेचं पाणी होताना ग्रॅमला ५४० कॅलरी परत बाहेर पडतात, म्हणजे सरळ प्रकटच होतात, म्हणून आधीची ती अप्रकट.

खरी मजा 'उष्मा'त आहे. संस्कृतात ऊष्मन् म्हणजे उष्णता तर आहेच, पण वाफसुद्धा! आणि श, ष, स यांना आपण उष्मे म्हणतो ते याच शब्दावरून. व्याकरणाच्या पुस्तकांत 'घर्षणाने उष्णता निर्माण होते म्हणून उष्मे' असं छापलेलं असतं, मला ते अजिबात पटत नाही, घर्षण काय 'फ'लाही करता येतं. नुसता 'श्' लांबवून बघा, कोंडलेली वाफ फटीतून सुटावी तशी हवा सुटत राहते, 'क्'ला हे जमतच नाही, तो फुटला की संपला. माझं ठाम मत आहे की जुन्या वैयाकरणांनी हा वाफेचा आवाज ऐकूनच नाव दिलं. म्हणजे पाण्याची वाफ होताना जी आत जाते तिला उष्मा म्हणणं किती चपखल बसतं बघा.

आणि ज्यांना 'उष्मा' उगाच जड संस्कृत वाटतो त्यांच्यासाठी, ऊन आणि उन्हाळा हे दोन्ही त्याच उष् धातूचे, उष्ण आणि उष्णकाल झिजून झालेले.