“सगळं बरं आहे” म्हणणारी बाळंतीण

“मॅडम, खरं लिहिलं तर पुढं काय होईल?”

मिरजेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय, की आता त्याबद्दल लिहायलाच हवं. बाळंतपणानंतर आशाताई घरी येतात, दवाखान्यात नर्स कागद भरून घेते, कधी सर्वेक्षणवाले दारात उभे राहतात. झोप लागते का, रडू येतं का, घरात मदत कोण करतं? बाळंतीण म्हणते, “सगळं बरं आहे.” महिनाभराने तीच माझ्यासमोर बसून रडते. खरं सांगितलं तर सासरी कळेल, गावभर होईल, डोकं फिरलंय म्हणून बाळ दुसऱ्याच्या हाती देतील, ही भीती तिच्या मनात असते.

जिची गोष्ट सांगतेय ती तासगावकडची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. मुलगी झाली. दीड महिन्याच्या डोसाला गेली तेव्हा बाळाचं वजन हवं तसं वाढलेलं नव्हतं. “अंगावर नीट पाजतेस ना?” असं डॉक्टरांनी विचारलं, तर ती जमिनीकडे बघत राहिली. त्यांनीच तिला माझ्याकडे पाठवलं.

सोबत आई होत्या. खुर्चीत टेकताच त्याच बोलू लागल्या. “डिंकाचं लाडू, अळिवाची खीर, रोज शेक. कशाला कमी न्हाई केलं. आमच्या वेळंला कोन इचारत हुतं का? इचारलं की डोस्क्यात येतंय बघा.”

मी त्यांना खोडून काढलं नाही. त्या लाडवांत लेकीवरची माया होती. मी आशाताईंच्या फेऱ्यांबद्दल विचारलं. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा फेऱ्या ठरलेल्या असतात. सहाही झाल्या होत्या.

“तेव्हा काय सांगितलंस?”

“बरं आहे म्हटलं.”

“जवळ कोण होतं?”

“आई. आत्या. शेजारच्या काकू बाळ बघायला आलेल्या.”

एवढ्या माणसांत कुणी खरं बोलेल का? पुढच्या भेटीत मी आईंना बाळ घेऊन बाहेर बसायची विनंती केली आणि तिच्यापुढे एक कागद ठेवला. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला वापरतात ती, एडिंबरा प्रश्नावली म्हणतात तिला. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, सगळं गेल्या सात दिवसांबद्दल. १९८७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ती आईने स्वतः भरावी, उत्तरांबद्दल दुसऱ्या कुणाशी बोलू नये, ही सूचना तिच्यासोबतच दिलेली आहे. आपल्याकडे मात्र घरातलं कुणीतरी शेजारी बसून उत्तरं सांगतं.

ती तिसऱ्या प्रश्नावर थांबली. काही बिघडलं की उगाच स्वतःला दोष देता का, असा तो प्रश्न. तिचं बोट पर्यायांवरून खाली गेलं, परत वर आलं. मी गप्प राहिले. इतक्या वर्षांत मी काही शिकले असेन तर ते हेच गप्प राहणं, आणि त्याचा मला अभिमान आहे. बऱ्याच वेळाने ती म्हणाली,

“हे छापलंय होय?”

“काय?”

“‘हो, बहुतेक वेळा.’ हे उत्तर इथं छापलंय.”

“हो.”

“म्हणजे माझ्याआधी कुणीतरी असं म्हणालं असंल.”

आणि ती रडली. मग एकेक बाहेर आलं. रात्री बाळ रडलं की उठूच नये वाटतं. पाजताना लाकूड मांडीवर घेतल्यासारखं होतं. मुलगी झाली म्हटल्यापासून सासरचे फोन कमी झालेत. “आई एवढं करतीय, आणि मला साधी माया येत नाही.”

त्या दिवशी मला जे उमगलं ते असं. प्रश्नावली ही माहिती काढायची वस्तू आहे असं मी समजत होते. तिच्यासाठी मात्र ते छापील उत्तर म्हणजे सोबत होती. मी दहा वेळा “तू एकटी नाहीस” म्हटलं असतं तरी तिला ते पटलं नसतं.

ती एकटी नव्हतीच. गोव्यात झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी न पटणं आणि मुलगी होणं यांचा त्याच्याशी संबंध दिसला. हे कळलं ते आयांना विचारलं म्हणूनच. अमेरिकेतही १९८७ मध्ये नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांचं सर्वेक्षण सुरू झालं, कारण तिथे बालमृत्यू हवे तसे कमी होत नव्हते. दवाखान्याच्या कागदावर वजन असतं, हिमोग्लोबिन असतं. रात्री कोण उठतं, घरात कोण काय बोलतं, हे आईच सांगणार.

माझी कामाची पद्धत विवेकनिष्ठ विचारांची, म्हणजे मनातली ‘असंच झालं पाहिजे’ ही हट्टी अट शोधून सैल करायची, म्हणून मी तिच्या बोलण्यामागचा ‘च’ शोधला. आईला बाळ बघताच माया आलीच पाहिजे. हा ‘च’ काढायला आम्हाला चार भेटी लागल्या. माया कुणाला पहिल्या दिवशी येते, कुणाला हळूहळू. मात्र नुसत्या बोलण्यावर मी थांबले नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, रक्त आणि थायरॉइड तपासून घेतलं. अंगावर पाजत असतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतील अशी औषधं असतात, दुधाच्या काळजीने उपचार टाळू नका.

पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे राहिलं तर दाखवा. प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. तिथे “कधीच नाही” सोडून दुसरं काही आलं, तर त्या बाईला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा फोन मोफत आहे, रात्रीही लागतो.

“पुढं काय होईल” म्हणणाऱ्यांना माझं सांगणं, हे लिहिलेलं कोण वाचणार, असं आधी बिनधास्त विचारा. तुमचा तो हक्क आहे. खरं सांगितलं म्हणून आजवर माझ्याकडे आलेल्या एकीचंही बाळ कुणी काढून घेतलेलं नाही. घरच्यांनी फक्त थोडं लांब बसावं.

बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा आशाताई पुन्हा आल्या होत्या. त्या दिवसाबद्दल तिने मला फोनवर सांगितलं. आत्या उठायला तयार नव्हत्या. आईंनीच बाळाला उचललं आणि आत्यांना म्हणाल्या, “चला वन्सं, हिला जरा अंगणात उन्हाला धरू. त्या दोघींना बोलू द्या.”