अम्युझमेंट पार्कमध्ये वीज गेली की राइडवर अडकलेल्या लोकांचं आणि नंतरच्या तक्रारींचं काय केलं जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वीज गेली तेव्हा तुम्ही रोलर कोस्टरच्या चढावर पंचवीस मिनिटं अडकलात, मग पायऱ्यांवरून चालत उतरवलं. खाली दिवे लागले तरी राइड पुढे तासभर बंदच राहिली आणि तक्रारीच्या काउंटरवर प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळालं. अशा वेळेसाठी पार्ककडे काही ठरलेली पद्धत असते का?

असते. चढावर थांबणं आणि वीज आल्यावरही राइड बंद असणं, दोन्ही त्या पद्धतीतच बसतात. काउंटरवरची वेगवेगळी उत्तरं मात्र पार्कची चूक. आणि तुम्हाला चढावर बसल्या बसल्या कोणी काही सांगितलं नसेल, तर तीही चूकच. उद्यानाचं कामकाज सांभाळणारा माणूस म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमचा चढ. गाडी वर जाताना जो खट्-खट् आवाज येतो तो गाडी वर ओढणाऱ्या साखळीचा नसतो. गाडीखाली एक लोखंडी खटका असतो आणि चढाच्या मधोमध दातेरी पट्टी. गाडी पुढे सरकते तसा खटका एकेका दात्यावर पडत जातो. साखळी थांबली, अगदी तुटली, तरी गाडी जास्तीत जास्त एका दात्याएवढी मागे येते आणि तिथेच अडते. याला वीज लागत नाही. चढ संपल्यावर कोस्टर गुरुत्वाकर्षणावर धावतो, त्यामुळे उतारावर असताना लाइट गेली तर गाडी आपली फेरी चालूच ठेवते आणि पुढच्या ब्रेकपाशी थांबते. ब्रेकची रचनाही उलटी असते. बहुतेक ठिकाणी हवेच्या दाबाने ब्रेक उघडतो आणि स्प्रिंगने बंद होतो. वीज किंवा हवा गेली की तो आपोआप आवळला जातो. शेवटच्या टप्प्यात कायमचुंबकाचे ब्रेक असतील तर त्यांनाही वीज नको, पण वेग कमी होईल तशी त्यांची पकड कमी होते. म्हणून गाडी पूर्ण थांबवायला त्यांच्या जोडीला घासणारा ब्रेक किंवा टायर असतात.

सगळा ट्रॅक ब्लॉकमध्ये, म्हणजे तुकड्यांमध्ये, वाटलेला असतो. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी, आणि ब्लॉक नेहमी गाड्यांपेक्षा किमान एकाने जास्त. वीज गेली तरी दोन गाड्या एकमेकींवर जात नाहीत त्या यामुळेच. सीटचा दांडा विजेविना बंदच राहतो. तो उघडायला गाडीखालचं पेडल, खास चावी किंवा छोटा बॅटरी पॅक लागतो आणि तो एकेका रांगेपुरताच उघडला जातो. लोक ओरडतात, ‘आधी हा दांडा उघडा!’ पण उंचावर सगळ्यांचे दांडे एकदम उघडले तर घाबरलेला माणूस मदतीची वाट न बघता उठतो. त्या क्षणी दांडा बंद असलेली सीट हीच सर्वांत सुरक्षित जागा असते.

साखळीऐवजी मोटरच्या जोरावर एकदम वेग घेणाऱ्या कोस्टरला ऐन वेळी वीज कमी पडली तर गाडी टेकडी न ओलांडता मागे घरंगळत येते. बसलेल्यांना तो अपघात वाटतो, पण सुरुवातीच्या पट्ट्यातल्या ब्रेकच्या पात्या वीज गेली की आपोआप वर येतात आणि गाडीला हळू करतात. जायंट व्हीलला वेगळी अडचण. वजन एका बाजूला जास्त असेल तर ब्रेक सोडताच चाक त्या बाजूला झुकतं. म्हणून ते जनरेटरवर, छोट्या इंजिनवर किंवा हाताने अगदी हळू फिरवतात आणि समोरासमोरच्या पाळण्यांतली माणसं आळीपाळीने उतरवतात, एका बाजूने सलग नाही. झुलणारं जहाज आपोआप मंदावू द्यायचं. घाईने रोखू नये.

पाण्याच्या राइड्सबद्दल मुद्दाम जास्त लिहितो, कारण खरा धोका तिथे असतो आणि तो दिसत नाही. पंप थांबला की नाल्यातलं पाणी काही मिनिटांत खालच्या टाकीत उतरतं आणि तराफे तळाला टेकतात. लोकांना वाटतं, पाणी घोट्याएवढंच आहे, उतरून चालत जाऊ. तळ शेवाळलेला असतो, पाय मुरगळतात. घसरगुंडीच्या वरच्या टोकाला उभ्या कर्मचाऱ्याने पाण्याची धार बारीक होताच पुढचा माणूस थांबवायचा. आत असलेला बसल्या बसल्या सरकत खाली येतो, आणि खालून खूण मिळेपर्यंत कोणालाही सोडायचं नाही.

त्याहून गंभीर म्हणजे पोहण्याच्या तलावाची औषधं. क्लोरीनसाठी सोडियम हायपोक्लोराइट आणि पीएच (पाण्याचा आम्लपणा) राखण्यासाठी आम्ल, असे दोन छोटे पंप मुख्य पाइपात औषध सोडत असतात. पाणी फिरवणारा मुख्य पंप बंद पडला आणि हे दोन चालू राहिले, किंवा वीज परतताना आधी सुरू झाले, तर पाइपात पाणी हलत नसताना दोन्ही औषधं एकत्र साचतात. त्यातून क्लोरीन वायू तयार होतो. मग मुख्य पंप सुरू झाला की तो सगळा एका झटक्यात तलावात येतो, आणि जवळ असलेल्यांना खोकला, डोळ्यांची आग, श्वासाचा त्रास सुरू होतो. म्हणून औषधाचे पंप पाण्याच्या प्रवाहाच्या स्विचला जोडलेले हवेत, म्हणजे पाणी थांबताच तेही थांबतील. वीज गेल्याबरोबर सगळ्यांना तलावाबाहेर काढायचं, औषधाचे पंप हाताने बंद करायचे, मुख्य पंप सुरू होऊन पाणी नीट फिरू लागेपर्यंत कोणाला आत सोडायचं नाही आणि क्लोरीन-पीएच मोजल्यावरच तलाव उघडायचा. जीवरक्षक शिट्ट्या मारून बाहेर काढतो तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नका, ही माझी कळकळीची विनंती.

आता तुमची पंचवीस मिनिटं. पार्कने आधीच एक मर्यादा ठरवलेली असते, साधारण पंधरा ते वीस मिनिटांची. तेवढ्यात वीज परत येईल असं दिसलं तर लोकांना बसवून ठेवतात, कारण उंचावरून चालत उतरवणं हे बसून राहण्यापेक्षा धोक्याचं असतं. कोणी उलटं किंवा तिरकं लटकत असेल, पाण्यात असेल, भर उन्हात असेल, कोणाला छातीत दुखत असेल, तर ही मर्यादा लागू होत नाही. तिथे ताबडतोब काम सुरू होतं, आणि मदतीचा क्रमही साधारण असाच ठरतो. बंदिस्त अंधाऱ्या राइडमध्ये बॅटरीचे दिवे लागतात. ते ६० ते ९० मिनिटं टिकावेत असा वेगवेगळ्या देशांतला नियम आहे, म्हणजे तिथेही घड्याळ चालू असतं.

उतरवण्याआधी एक काम होतं, ते खालून दिसत नाही. तंत्रज्ञ लाल बटण दाबतो, राइडचा मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. लोक पायऱ्यांवर असताना वीज आली आणि साखळी फिरली तर काय होईल, याचा विचार करा. तुम्ही म्हणता, ‘खाली दिवे लागले होते तरी आम्हाला चालत आणलं.’ बरोबर केलं. एकदा उतरवायला सुरुवात झाली की वीज आली तरी ते मध्येच थांबवून लोकांना पुन्हा गाडीत बसवत नाहीत. एका वेळी एक रांग, एक माणूस दांडा उघडायला, दुसरा कठड्याशी हात द्यायला, आणि सामान गाडीतच ठेवायचं.

जनरेटर असून उपयोग काय, असंही अनेक जण विचारतात. डिझेल जनरेटर साधारण दहा सेकंदांत भार घेतो, पण तो सगळ्या पार्कसाठी नसतो. आणीबाणीचे दिवे, आग विझवण्याचे पंप, लाउडस्पीकर, वैद्यकीय खोली, लोकांना खाली आणण्याची यंत्रणा, एवढंच त्याच्यावर. मोठी मोटर थेट सुरू होताना चालू भाराच्या सहापट-सातपट करंट ओढते. सगळ्या राइड एकदम सुरू केल्या तर जनरेटरही बसेल. मोठ्या पार्कमध्ये भागवार वेगळ्या लाइन असतात, म्हणून कधी कधी एकच भाग बंद पडतो. २७ डिसेंबर २०१७ रोजी कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या अडचणीने फँटसीलँड आणि टूनटाउन भागातल्या राइड्स थांबल्या आणि लोकांना त्यांवरून उतरवावं लागलं, पण पार्क उघडाच होता.

आणि दिवे नुसते लुकलुकले तरी राइड का थांबते? सेकंदाच्या एका अंशासाठी विजेचा दाब (व्होल्टेज) घसरला तरी कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरची वीज जोडणारे स्विच, सुटतात. राइड चालवणाऱ्या संगणकाला, म्हणजे कंट्रोलला, एखादी गाडी नेमकी कुठे आहे याची खात्री उरली नाही की तो सगळं थांबवतो. तो स्वतःहून पुन्हा सुरू होत नाही, माणसाला रीसेट करावं लागतं.

तुमचा तो तास इथे जातो. आधी दहा-पंधरा मिनिटं वीज स्थिर आहे का बघतात, कारण आलेली वीज पुन्हा जाते. मग तीन फेजचा, म्हणजे मोटरला वीज देणाऱ्या तीन तारांचा, क्रम तपासतात. दुरुस्तीत दोन तारा अदलाबदल झाल्या तर मोटर उलटी फिरते, पंप उलटा चालतो. हे ओळखायला रिले नावाचं उपकरण असतं, पण डोळ्यांनी एक मोटर फिरवून बघणारा तंत्रज्ञ मला जास्त विश्वासाचा वाटतो. मग ब्रेकला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा दाब सहा-सात बारपर्यंत चढायचा, प्रत्येक गाडीची जागा कंट्रोलला कळायची, प्रत्येक सीटच्या दांड्याचा सेन्सर तपासायचा, दोन-तीन रिकाम्या फेऱ्या घ्यायच्या, रजिस्टरमध्ये वेळ टाकून सही करायची. पाण्याच्या राइडला टाकी-नाल्याची पातळी यायलाच वेळ लागतो. आणि हे सगळ्या राइडवर एकाच वेळी होत नाही, कारण तंत्रज्ञ मोजकेच असतात. ऑपरेटरने घाईत एखादी पायरी गाळली तर तुमची तक्रार मिटेल, पण धोका राहील.

हे लोकांना सांगायचं कसं, यात पार्क कमी पडतात. पहिली घोषणा दोन मिनिटांच्या आत व्हायला हवी, मग दर पाच मिनिटांनी, नवीन काही नसलं तरी. शब्द असे: ‘वीज गेल्यामुळे राइड थांबली आहे. तुम्ही बसलेली जागा सुरक्षित आहे. दांडा उघडू नका. आमचा माणूस तुमच्याकडे येत आहे. पाच मिनिटांनी पुन्हा सांगतो.’ ‘दोन मिनिटांत सुरू होईल’ हे कधीही म्हणायचं नाही. तिसऱ्या मिनिटाला पार्कचा प्रत्येक शब्द खोटा ठरतो. लाउडस्पीकर बंद असेल तर हातातला मेगाफोन. आणि अडकलेल्यांच्या नजरेला पडेल असा एक कर्मचारी तिथे उभा हवा. वॉकीटॉकीचा रिपीटर (संदेश पुढे पाठवणारं यंत्र) विजेवर असेल तर सगळ्यांना त्याच्याशिवाय चालणाऱ्या थेट चॅनेलवर यायला आधीच शिकवलेलं असावं.

तक्रारींसाठी भरपाईचे टप्पे वीज जाण्याआधीच कागदावर ठरलेले हवेत. राइडवर अडकलेल्यांना पाणी, प्रथमोपचाराची विचारपूस आणि रांगेशिवाय प्रवेशाचं कूपन, तेही जागेवर, न मागता. रांगेत असलेल्यांना परत येण्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी. दिवसाचा मोठा भाग वाया गेला तर दुसऱ्या दिवसाचं तिकीट किंवा परतावा, आणि निवड ग्राहकाची. दुरून आलेल्या कुटुंबाला पुन्हा येण्याचं तिकीट निरुपयोगी असतं हे काउंटरवरच्या माणसाला समजलं पाहिजे. ही कूपनं क्रमांकासह आधी छापून कुलुपात ठेवावी लागतात. वीज नसताना प्रिंटर चालत नाही, ही साधी गोष्ट ऐन वेळी आठवते. काउंटरवरच्या माणसाला वरिष्ठांना न विचारता काय देता येईल, हेही ठरलेलं असावं. तसं नसलं की एकाला परतावा मिळतो, मागच्याला नकार. दोन मिनिटांत रांगेत ते पसरतं आणि तुम्ही पाहिलंत तसं होतं.

तुम्हाला अजून तक्रार करायची असेल तर लेखी करा. तिकीट क्रमांक, राइडचं नाव, कितव्या गाडीत आणि कितव्या रांगेत होता, थांबल्याची आणि उतरवल्याची अंदाजे वेळ, पहिली घोषणा किती वेळाने ऐकली, काउंटरवर कोणी काय सांगितलं, आणि तुम्हाला नेमकं काय हवं आहे. पार्ककडे राइडच्या कंट्रोलची मिनिटागणिक नोंद असते, तुमच्या वेळा तिच्याशी जुळल्या की वाद उरत नाही. कार्डातून पैसे दोनदा गेले असतील तर त्याची वेगळी तक्रार करा, ती दुसऱ्या विभागाकडे जाते. आणि उतरताना कोणाला लागलं असेल तर घटना नोंदवहीत नोंद करून तिची प्रत मागा, त्या वेळचं कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवावं असंही लेखी कळवा. रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून हे आजच करा.