बसतो, बसेल आणि बसवून घ्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांची २०१२ ची १०० सीसी गाडी, क्लचची केबल तुटली, म्हणून तुम्ही पुण्यात नाना पेठेत, गाड्यांच्या पार्ट्सच्या बाजारात गेलात. पहिल्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "कुठल्या वर्षाची? सॅम्पल कुठंय?" सॅम्पल नाही म्हटल्यावर "मग घेऊन या" म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. दुसऱ्या दुकानात "या साहेब, बसा साहेब" झालं, पाणी आलं आणि अर्ध्या मिनिटात केबल हातात पडली. घरी लावायला गेलात तर आखूड. परत नेली तर बिलाच्या तळाशी छापलेली ओळ दाखवली, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आता तुम्ही विचारताय, पार्ट्सवाले सगळे असेच उर्मट नाहीतर लबाड असतात का, आणि यापुढे सरळ ऑनलाइनच मागवावं का.

मी २००४ पासून नऊ वर्षं त्याच पेठेत काउंटरच्या आत उभा होतो. त्यानंतर आजपर्यंत गॅरेजवाला म्हणून काउंटरच्या बाहेर उभा आहे. तेव्हा शिव्या देऊनही झाल्यात आणि खाऊनही. माझं म्हणणं कदाचित तुम्हाला रुचणार नाही, पण तुमच्या दोन दुकानांपैकी बरी सर्व्हिस पहिल्यानेच दिली. बोलण्यात त्याला मार्क शून्य, ते कबूल. पण वर्ष विचारल्याशिवाय तो रॅककडे वळला नाही, आणि खात्री नव्हती म्हणून त्याने विकलं नाही. शंभर-दीडशेची विक्री त्याने सोडली. दुसऱ्याने तुम्हाला पाणी पाजलं आणि चुकीची केबल दिली.

वर्ष का विचारतात ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी राग येणार नाही. टाकीवर नाव तेच असतं, आतली गाडी बदललेली असते. एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाक्यांना हेडलाइटचं बटणच नाही, इंजिन चालू की दिवा चालू. म्हणजे हँडलवरची स्विच असेंब्ली वेगळी. एप्रिल २०२० ला बीएस-६ हा गाडीच्या धुराचा नियम आला आणि बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर केबलपासून एअर फिल्टरपर्यंत बऱ्याच गोष्टी बदलल्या. शिवाय एकाच साली एकाच नावाच्या गाडीत सेल्फ आणि किक, अलॉय आणि स्पोक, डिस्क आणि ड्रम असे प्रकार. आणि नावाचा घोळ तर विचारूच नका. हिरो आणि होंडा वेगळे व्हायचा निर्णय २०१० च्या डिसेंबरात झाला, पण लोकांच्या तोंडी दोघं अजून एकत्रच नांदतात. तुम्हीही प्रश्नात 'होंडाची केबल' असंच लिहिलंय. काउंटरवर तसंच म्हणाला असाल, तर समोरच्याच्या डोक्यात स्प्लेंडर येईल की शाइन, हे त्याच्या अगोदरच्या गिऱ्हाइकावर अवलंबून.

आता 'बसेल' या शब्दाबद्दल. नऊ वर्षांत मी काउंटरवर तीन उत्तरं ऐकली आणि तिन्ही स्वतः दिली. "बसतो" हे उत्तर ज्याने तो पार्ट त्या गाडीला लागलेला पाहिलाय तो देतो. "बसेल" म्हणणाऱ्याला माल खपवायचा असतो, किंवा मागे सहा मेकॅनिक ताटकळलेले असतात. "बसवून घ्या" हे तिसरं. त्याचा अर्थ, बसत नाही हे मला माहीत आहे, आता ग्राइंडर आणि हातोडी तुमची. तुम्हाला त्या दुसऱ्या दुकानात यातलं कुठलं मिळालं ते आठवून बघा.

माझ्या 'बसेल'ची गोष्ट सांगतो. कामाला लागून तीनेक महिने झाले होते. सकाळची वेळ, भवानी व्हायची होती. भोरहून एक गृहस्थ आले, यामाहाचा उजवा आरसा हवा होता. समोर खोक्यात आरसे पडलेले. एक काढून दिला. त्यांनी विचारलं, "यालाच बसेल ना?" मी म्हटलं, "बसेल की, आरशात काय एवढं!" तर आरशात एवढं असतं की यामाहाच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. मी दिलेला सरळ आट्यांचा होता. गृहस्थांनी घरी जाऊन फिरवला, तो धरेना. मग पाना लावून दाबून फिरवला. ब्रेकच्या ब्रॅकेटचे तोंडाचे आटे गेले. दुसऱ्या दिवशी पन्नासेक किलोमीटर परत आले, ब्रॅकेट कागदात गुंडाळून.

ते शांत होते, त्यानेच मी जास्त घाबरलो. शेठनी ब्रॅकेट हातात घेतलं, आट्यांवरून अंगठा फिरवला, काही बोलले नाहीत. नवीन ब्रॅकेट आणि योग्य आरसा काढून दिला, आरशाचे घेतलेले पैसे तेवढे ठेवले, ब्रॅकेट दुकानाच्या खात्यावर. "पोरगा नवीन आहे" वगैरे माझ्यावर ढकलणं नाही. गृहस्थ गेल्यावर माझ्या एका हातात सरळ आटा दिला, एका हातात उलटा, आणि म्हणाले, डोळे मिटून सांग कुठला कुठला. दुपारभर गिऱ्हाईक नसेल तेव्हा हाच खेळ. ते भोरचे गृहस्थ पुढे मी नोकरी सोडेपर्यंत आमच्याकडे येत होते, आणि प्रत्येक वेळी मला विचारायचे, "आटे बघितलेस का?"

चांगल्या सर्व्हिसचं याहून चांगलं उदाहरण माझ्यापाशी नाही. चूक दुकानाकडून झालीच नाही असं कधी होत नाही. चूक झाल्यावर खोका कोण उघडतो ते बघायचं.

दुसरा एक प्रसंग छोटा आहे. एक आजी छताच्या पंख्याची बेरिंग रुमालात बांधून घेऊन आल्या होत्या. इलेक्ट्रिकवाल्याने त्यांना आख्खी मोटर बदलायला सांगितली होती. आमचं दुकान गाड्यांचं. मी "इथे नाही मिळत" म्हणणार तेवढ्यात आमचे वयस्कर काउंटरवाले काका पुढे आले, बेरिंगचं ग्रीस चिंधीने पुसलं आणि कडेवरचा नंबर वाचला. ६२०२. मागच्या ड्रॉवरमधून तोच नंबर काढून दिला. काही दुचाकींच्या चाकात असते तीच बेरिंग पंख्यात असते, जगभर नंबर एकच. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचं माप सांगतात. ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे सरळ पाचाने गुणायचं, म्हणजे ६२०५ चं भोक २५. कडेवरचा पूर्ण नंबर तुम्हाला माहीत असेल तर बेरिंग घ्यायला गाडीचं नाव, वर्ष, काही लागत नाही. ऑइल सीलचंही तसंच. कडेवर तीन मापं असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. चिखल पुसला की बहुतेक वेळा दिसतात.

आता काउंटरच्या आतली बाजूही ऐकून घ्या. सकाळी साडेदहा ते एक ही मेकॅनिक लोकांची वेळ. गॅरेजवर गाडी उघडून ठेवलेली असते आणि पोरगा धावत आलेला असतो. त्यात फोन चालू, व्हॉट्सअ‍ॅपवर याद्या येतायत, कुणी उधारीच्या खात्यावर माल उचलतोय. मेकॅनिक रोज येतो, तुम्ही दोन वर्षांतून एकदा. तुमचा नंबर मागे ढकलला जातो, हे बरोबर नाही, पण होतं. दुपारी तीननंतर जा. तोच माणूस वेगळा भेटेल, कदाचित स्वतःहून केबलला तेल घालायची पद्धतही सांगेल.

भाव दोन असतात हेही खरं. मेकॅनिकला छापील किमतीत सूट असते, काही डब्यांत मेकॅनिकसाठी कंपनीचं कुपन असतं. याला मी फसवणूक म्हणणार नाही, कुठल्याही धंद्यात रोजच्या गिऱ्हाइकाचा भाव वेगळाच असतो. फसवणूक सुरू होते ती लोकल माल कंपनीच्या डबीत घालून विकला की. सरळ दुकानदार काउंटरवर दोन डब्या शेजारी ठेवतो आणि म्हणतो, हा कंपनीचा, हा लोकल, एवढा फरक, गाडी रोज चालते का आठवड्यातून एकदा ते सांगा. ब्रेक लायनर मागितल्यावर जो आपणहून "लोकल घेऊ नका" म्हणतो त्याचं दुकान धरून ठेवा.

बिलाचा विषय थोडा नीट घेतो, कारण तिथे तुमच्यावर अन्याय झालाय का ते ठरतं. 'विकलेला माल परत नाही' ही ओळ छापली की दुकानदार सुटला, असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. बिलच न देणं हेही त्याच यादीत आहे. पण 'सदोष' हा शब्द लक्षात घ्या. तुमची केबल सदोष नव्हती, दुसऱ्या गाडीची होती. तुम्ही गाडीचं नाव आणि वर्ष सांगितलं आणि त्याने तरी चुकीची दिली, तर भांडायला जागा आहे. आणि तेव्हा बिलावर गाडीचं नाव लिहिलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. म्हणून मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो, बिल करताना फक्त 'क्लच केबल' लिहू देऊ नका, पुढे मॉडेल आणि साल लिहून घ्या. लिहायला दोन सेकंद लागतात, आणि 'बसेल' म्हणणारा तिथेच पेन थांबवतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. केबलसाठी करा असं मी म्हणणार नाही, पण हजारांचा ब्लॉक-पिस्टन असेल तर जरूर करा.

"पक्कं बिल हवं तर टॅक्स वेगळा" हे वाक्य ऐकलं तर डबीवरची किंमत दाखवा. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर रुपयाही चढत नाही. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्ट्सवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा ती जुनी सबबही आता हलकी झालीय.

एका बाबतीत मात्र मी दुकानदाराच्या बाजूने आहे. सीडीआय (प्लगच्या ठिणगीचं युनिट), रेग्युलेटर, सेन्सर, काहीही इलेक्ट्रिकल परत घेत नाहीत म्हणून लोक चिडतात. गाडीच्या वायरिंगमध्ये शॉर्ट असेल तर नवा सीडीआय लावल्या लावल्या जळू शकतो. मग तोच परत आणून "खराब दिला" म्हणतात. काउंटरवर उभ्या माणसाला तो मुळात खराब होता की तुमच्या गाडीने जाळला, हे कळायला मार्ग नाही. त्यावर उपाय एकच, घ्यायच्या आधी दुकानातल्या टेस्टरवर किंवा ओळखीच्या मेकॅनिककडच्या चालू गाडीवर लावून बघणं. काही दुकानं टेस्टर ठेवतात, विचारा. आणि लावलेला, ग्रीसचे डाग पडलेला, डबी फाडलेला पार्ट परत घेऊन जाऊन आवाज चढवू नका. तो डबा दुसऱ्या कुणाला नवा म्हणून विकला जावा, असं तुम्हाला तरी वाटतं का?

ऑनलाइनचं म्हणाल तर कंपनीचा पार्ट नंबर हातात असेल तर खुशाल मागवा, मीही मागवतो. नंबर नसेल तर तिथे तुम्हाला "कुठल्या वर्षाची?" असं तुसडेपणाने विचारणारं कुणी नसतं, आणि तीच अडचण आहे.

तुमच्या केबलपुरतं बोलायचं तर जुनी, तुटलेली केबल टाकून दिली नसेल अशी आशा आहे. ती पूर्ण काढा, तुटलेला तुकडासुद्धा. आरसीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, त्यावर गाडी बनल्याचा महिना आणि साल असतं. काउंटरवर नवी आणि जुनी शेजारी शेजारी सरळ ताणून धरा. आधी वरचं काळं कव्हर लांबीला जुळतंय का बघा. मग कव्हरच्या बाहेर मोकळी तार किती राहते ते बघा, बहुतेक चुका तिथेच होतात, कव्हर सारखं आणि मोकळी तार बोटभर कमी. शेवटी दोन्ही टोकांचे गोळे, जाडीला आणि आकाराला. हे तुम्ही करत असताना काउंटरवाला घाई करत असेल तर करू दे.

आणि त्या पहिल्याच दुकानात जा, दुपारी साडेतीनच्या सुमारास. तो मान वर न करता विचारेल, "सॅम्पल कुठंय?" या वेळी पिशवीतून काढून समोर ठेवा.