वाचकांचे प्रश्न : मक्याबरोबर सोयाबीन, वैरणीसाठी

प्रश्न : आमची जमीन नान्नजजवळ, मध्यम काळी असून विहिरीला पाणी आहे. गोठ्यात चार संकरित गाई आणि दोन पंढरपुरी म्हशी आहेत. अमेरिकेत मका व सोयाबीन एकत्र पेरून जनावरांना घालतात आणि हरणांसाठीही तशी शेते राखतात, असे पुतण्याने मोबाईलवर दाखवले. आपल्याकडे हे जमेल का? हरणे तर आमच्याकडे न बोलावताच येतात. त्यांचे काय करावे?
— एक दूध उत्पादक, उत्तर सोलापूर

उत्तर : वैरणीसाठी हे पीक जरूर घ्यावे, मात्र दोन्ही बियाणे एकत्र कालवून एकाच ओळीत पेरू नये. तिकडे यासाठी मक्यावर चढणारे वेलवर्गीय सोयाबीन वापरतात. आपले वाण झुडपासारखे वाढतात आणि ‘आफ्रिकन टॉल’सारख्या उंच मक्याच्या सावलीत त्यांना पाने व शेंगा बेताच्याच धरतात. म्हणून दोन ओळी मका आणि चार ओळी सोयाबीन असे पट्टे ठेवावेत. ओळींत 30 सेंटिमीटर अंतर धरल्यास एकरी साधारण 10 किलो मका आणि 20 किलो सोयाबीन बियाणे लागते. सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम (हवेतील नत्र मुळांच्या गाठींत साठवणारे जिवाणू) चोळावे. पण असे साठवलेले नत्र त्याच हंगामात मक्याला फारसे मिळत नाही, त्यामुळे मक्याच्या युरियात कपात करू नये.

खरी अडचण तणांची आहे. ॲट्राझीन हे तणनाशक मक्याला चालते आणि सोयाबीन जाळते. इमॅझेथापायर सोयाबीनला चालते आणि मक्याला मारक ठरते. अमेरिकेत दोन्ही पिकांचे ग्लायफोसेट सहन करणारे जनुकीय वाण मिळतात, म्हणून त्यांना ही चिंता नसते. तसे वाण पेरण्यास आपल्याकडे परवानगी नाही. तेव्हा पेरणीनंतर उगवणीपूर्वी, वापशावर, दोन्ही पिकांना चालणारे पेंडीमेथॅलिन फवारावे आणि पुढे कोळपणी व खुरपणीवर भर द्यावा.

कापणीची वेळ मक्यावरून ठरवावी. हिरवी वैरण घालायची असेल तर तुरा आल्यापासून दाणा दुधाळ होईपर्यंत कापावी. मुरघास (हवाबंद आंबवलेली वैरण) करायचा असेल तर थोडे थांबावे : कणीस मधोमध मोडून पाहिले असता दाण्याचा वरचा निम्मा भाग घट्ट आणि खालचा दुधाळ दिसला, की वेळ झाली. त्या सुमारास सोयाबीनच्या शेंगा भरलेल्या आणि पाने हिरवी असावीत, असा वाण निवडावा. कुट्टी मुठीत घट्ट दाबून सोडावी. रस ठिबकला तर ओल जास्त आहे, लगेच भुगा होऊन पडली तर उशीर झाला आहे, आणि गोळा सावकाश उकलला तर भरायला हरकत नाही. ओळी सोयाबीनच्या जास्त असल्या तरी मुरघासात सोयाबीन वजनाने एकतृतीयांशापेक्षा जास्त घालू नये, कारण त्यात साखर कमी असल्याने आंबवण नीट होत नाही आणि मुरघासाला वास येतो.

कोरड्या वजनावर नुसत्या मक्याच्या वैरणीत प्रथिने 8 ते 9 टक्के असतात. या मिश्रणात ती 11 टक्क्यांच्या आसपास जातात. आपल्याकडे भिस्त ज्वारीच्या कडब्यावर असते आणि त्यात ती जेमतेम 3 ते 4 टक्के भरतात, हे पाहता फरक मोठा आहे. तरीही दुभत्या गाईची पेंड थोडी कमी होईल, बंद होणार नाही. एक काळजी मात्र घ्यावी : कच्चे सोयाबीनचे दाणे युरिया प्रक्रिया केलेल्या चाऱ्याबरोबर कधीही घालू नयेत, त्यातील युरिएज या विकरामुळे अमोनिया झपाट्याने सुटून जनावराला विषबाधा होते.

जमीन हलकी, मुरमाड असती, तर सोयाबीनऐवजी चवळीच सुचवली असती. पावसाने ओढ दिली की चवळी अधिक तग धरते.

आता हरणांविषयी. अमेरिकेतील ती शेते मुख्यतः शिकारी लोक पांढऱ्या शेपटीच्या हरणांना ओढण्यासाठी राखतात. आपल्याकडे येतात ती काळविटे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार त्यांना पूर्ण संरक्षण आहे, आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या शेजारी त्यांना आणखी चारा दाखवण्याचे कारण नाही. सोयाबीनची कोवळी पाने त्यांना फार आवडतात, म्हणून हा तुकडा माळाच्या कडेला न ठेवता गोठ्याजवळ ठेवावा आणि उगवणीनंतरचे पहिले तीन आठवडे पहाटेची राखण करावी. कुंपणात थेट वीजवाहिनीचा प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे आणि माणसांच्याही जिवावर बेतते. नुकसान झालेच तर पीक मोडण्यापूर्वी वन विभागाकडे तत्काळ अर्ज करून पंचनामा करून घ्यावा; सातबाऱ्यावर दोन्ही पिकांची नोंद असल्याची खात्री त्याआधीच करावी.