चाळीसच्या पुढचे डबे घ्यावेत का?

प्रश्न : माझा मामेभाऊ लंडन सोडून कायमचा परत आला, तेव्हा तिथल्या 'फॅब्रिक' या नाइटक्लबच्या 'फॅब्रिक' आणि 'फॅब्रिकलाइव्ह' या मालिकांतल्या मिक्स सीडींचे (डीजेने रेकॉर्डी एकीला एक जोडून सलग वाजवलेल्या) पत्र्याचे डबे मला देऊन टाकले. दोन्ही मालिकांचे १ ते ४० माझ्याकडे आहेत. पुढचे गोळा करून संच पुरा करावा का, की नंतरच्यांत राम नाही? बायको म्हणते, आता घरात नवा डबा आला तर तो पोह्यांचाच येईल.
— अ. कु., पुणे

उत्तर : वहिनींचं ऐका, पण सगळं नका ऐकू.

आधी हिशेब. दोन्ही मालिका २०१८ मध्ये शंभरावर थांबल्या. म्हणजे तुमचे साठ आणि साठ, एकशेवीस डबे बाकी. जुन्या सीडींच्या बाजारात एकेक मागवायचा, तर टपालखर्च आणि कस्टम धरून कित्येकदा सीडीपेक्षा पाकीट महाग पडतं. केवळ आकडे सलग दिसावेत म्हणून हे करू नका. मी केलंय. माझे साठच्या पुढचे बरेच डबे मी एकदाच ऐकलेत, आणि काहींचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नाही. हे तुम्हाला म्हणून सांगतो.

मी २००४ ते २०१० लंडनला नोकरीत होतो आणि वर्गणी भरून हे डबे घ्यायचो. एका महिन्यात 'फॅब्रिक', पुढच्या महिन्यात 'फॅब्रिकलाइव्ह'. दाराच्या फटीतून डबा आत पडला की जिन्यावर 'ठण्ण' वाजायचं. 'फॅब्रिक' क्लब लंडनच्या फॅरिंग्डन भागात, स्मिथफील्डच्या मटण बाजारासमोर. १९९९ मध्ये उघडला, तोही जुन्या शीतगृहात. शुक्रवारी ड्रम अँड बेस, हिपहॉप, पुढे डबस्टेप या जातीचं संगीत, ते 'फॅब्रिकलाइव्ह'मध्ये. शनिवारी हाउस आणि टेक्नो; ते 'फॅब्रिक'मध्ये. मोठ्या खोलीतली नाचायची जमीन खालून थरथरायची, खर्ज कानाआधी पोटऱ्यांना कळायचा. पहाटे बाहेर पडावं तर समोर पांढऱ्या डगल्यांतले हमाल अख्खे बोकड खांद्यावर टाकून ट्रक भरतायत. मी शाकाहारी माणूस, रात्रभर नाचून भूक लागलेली, आणि समोर हे. पहिली भुयारी गाडी मिळेपर्यंत खाली मान घालून चालायचो.

हे सांगण्याचं कारण असं की सुरुवातीचे डबे त्या खोलीची नोंद होते. पहिला, २००१ चा, क्लबच्याच डीजे क्रेग रिचर्ड्सचा. त्यातल्या कितीतरी रेकॉर्डी थोड्याच प्रतींत निघालेल्या. आपल्यासारख्याला त्या ऐकायला दुसरी वाटच नव्हती. साधारण २००९-१० नंतर मात्र तासादोनतासांचे मिक्स इंटरनेटवर फुकट, रोज, ढिगाने यायला लागले. मग नुसता चांगला मिक्स असलेल्या सीडीला पैसे का मोजायचे? नंतरच्या बऱ्याच डब्यांपाशी याचं उत्तर नाही. वाईट नाहीत ते. पाहुण्यांसमोर लावावेत आणि विसरावेत, असे आहेत.

ज्यांच्यापाशी उत्तर आहे, तेवढेच घ्या. 'फॅब्रिक' ४५ ओमार-एस या संगीतकाराचा आणि ५५ शॅकल्टन या संगीतकाराचा. दोघांनी दुसऱ्यांच्या रेकॉर्डी न लावता सगळं स्वतःचंच संगीत वापरलं. ही वाट रिकार्डो व्हिलालोबोसने ३६ मध्ये आधीच पाडली होती, आणि तो तुमच्या कपाटात आहे. शॅकल्टनचा मी रात्री दिवे मालवून ऐकतो. ढोल, धूर, कुठेतरी लांब कुणीतरी बोलतंय असं काहीतरी. 'फॅब्रिकलाइव्ह' ५९ फोर टेटचा, २०११ चा. त्याने क्लबमध्येच टिपलेले लोकांचे आवाज मधूनमधून पेरलेत आणि 'गराज' नावाचं लंडनचं जुनं नाचाचं संगीत लावलंय. मी तेव्हा ठाण्यात परत आलो होतो. पहिल्यांदा ऐकताना गळा दाटला, नाकारत नाही. शिवाय 'फॅब्रिकलाइव्ह' १००, कोडनाइन आणि बरिअल या दोन संगीतकारांचा. बरिअल हा जवळपास कुठे दिसतच नाही, त्यामुळे त्याने काय निवडलं याचंच अप्रूप. हा मिक्स एकदम पुढे धावतो, एकदम थबकतो. नाचायला गैरसोयीचा, ऐकायला झकास. टेक्नो आवडत असेल तर बेन क्लॉकचा 'फॅब्रिक' ६६ धरा. झाले पाच. बाकीचे ऐकायला मिळाले तर ऐका, विकत नकोत.

आणि एक विचारतो, रागावू नका : पहिले ऐंशी सगळे ऐकलेत का? 'फॅब्रिकलाइव्ह' ७ जॉन पीलचा आहे. बीबीसीवरचा हा म्हातारा निवेदक नाचाच्या सीडीत फुटबॉलच्या प्रेक्षकांचं गाणं घालतो आणि ते शोभतं. ३७ कास्पा-रुस्कोचा. ज्या डबस्टेपवर पुढे सगळं जग उड्या मारत सुटलं, त्याचा मोठा धक्का अनेकांना याच डब्याने दिला. आधी हे होऊ द्या, मग पुढचं.

प्रश्न : याच मालिकेच्या काही सीडी मी संगणकात उतरवून घेतल्या. आता एक गाणं संपून दुसरं सुरू होताना बारीकसा खंड पडतो. सीडी खराब झाल्या का? आणि डब्यांना गंजही चढतोय.
— सु. ना., रत्नागिरी

उत्तर : सीडी ठणठणीत असतील. तुम्ही एमपीथ्रीत उतरवल्या असणार. तो प्रकार प्रत्येक तुकड्याच्या आगेमागे थोडी शांतता चिकटवतो. सुट्या गाण्यांत ते कळत नाही, पण मिक्समध्ये ठेका अखंड चालू असतो, तिथे लगेच ठेच लागते. फ्लॅक या फाइलप्रकारात पुन्हा उतरवा, आणि खंड न पाडता वाजवणारा प्लेअर वापरा. नाहीतर अख्खी सीडी एकाच फाइलमध्ये घ्या, कटकटच नको.

गंजाचं म्हणाल, तर कोकणात पत्रा आणि पाऊस यांचं जमत नाही. डबे बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. मी ठाण्यात एक पावसाळा तसे ठेवले आणि खालच्या ओळीच्या अकरा डब्यांच्या कडा तांबूस झाल्या. बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून कप्प्यात टाका. चढलेला गंज कोरड्या कापडाने पुसा, तारेची घासणी अजिबात नको, वरचा लेप निघतो. पुठ्ठ्याचं वेष्टन ओलसर लागलं तर ते काढून वेगळं वाळवा, उन्हात नाही, पंख्याखाली.