लावलेले केस गळाले, आता?

"मॅडम, ट्रान्सप्लांट करून दीड महिना झाला. लावलेले केस सगळे गळायला लागलेत. फसलो ना मी?"

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. विचारणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले मुलगे असतात, आणि विचारताना आवाज अगदी खाली गेलेला असतो. त्या सगळ्यांसाठी एकाची हकिकत सांगते. त्याच्या परवानगीने सांगते आहे. नाव, नोकरी, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. त्याला आपण निखिल म्हणू.

मार्चचा पहिला आठवडा होता. पुण्यात दुपारचं ऊन चटका द्यायला लागलं होतं आणि हा २९ वर्षांचा मुलगा कानांपर्यंत ओढलेली लोकरी टोपी घालून आला. बसल्या बसल्या त्याने खिशातून कागदाची एक पुडी काढली, देवळातल्या अंगाऱ्याची बांधतात तशी. ती उलगडून माझ्यासमोर ठेवली. आत केस होते, तांदळाच्या दाण्याएवढे आखूड. "आज सकाळचे आहेत. उशीवर सत्तावीस, आंघोळीच्या वेळी एकतीस." एकेका केसाच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका होता. त्याने त्यावर बोट ठेवलं. "हे बघा, मुळासकट आलाय." अशा बावीस पुड्या त्याच्या खोलीवर होत्या. प्रत्येकीवर तारीख आणि आकडा.

इथे मला एक कबूल करायचं आहे. या कामाला लागले तेव्हा, सुरुवातीच्या काळात, अशाच एका मुलाला मी म्हणाले होते, "अरे, केसच तर आहेत!" धीर द्यायला म्हणाले होते. तो पुन्हा आला नाही. ते वाक्य त्याने घरी, कॉलेजात, ऑफिसात शंभरदा ऐकलं असणार, आणि ज्या एका ठिकाणी ते ऐकावं लागणार नाही असं त्याला वाटलं होतं, तिथेही मी तेच ऐकवलं. ते मला अजून लागतं. म्हणून निखिलच्या पुडीकडे मी नीट पाहिलं. एकेक केस पाहिला.

मग त्याने सांगितलं. बाविसाव्या वर्षापासून कपाळ मागे सरकायला लागलं. मित्र "चांद" म्हणायला लागले. वडील म्हणायचे, "तुझ्या आजोबांना टक्कलच होतं, त्यांचं काय अडलं?" सत्ताविसाव्या वर्षी एका ठिकाणी कांदेपोहे झाले. मुलीच्या काकांनी पत्रिका हातात धरून, सगळ्यांसमोर विचारलं, "जन्मसाल बरोबर लिहिलंय ना?" लोक हसले. आई पोह्यांच्या बशीकडे बघत राहिली. निखिल म्हणाला, त्या दिवशी ठरवलं. जानेवारीच्या शेवटी त्याने बारा हप्त्यांवर पैसे उचलून २४०० ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढलेले केसांचे बारीक पुंजके, बसवून घेतले. घरी सांगितलं, ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी आहे. मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न होतं, तोवर डोकं भरलेलं असेल असा त्याचा हिशेब होता.

हिशेब तिथेच चुकला होता, आणि तो चुकीचा आहे हे त्याला कुणी बसून सांगितलं नव्हतं. शस्त्रक्रियेच्या दिवशी काय होणार, ते सगळं पाठ होतं. एफयूई पद्धतीत डोक्याच्या मागच्या भागातून एकेक ग्राफ्ट काढतात, त्यात एक ते चार केस असतात. भूल तेवढ्या भागापुरती. सात-आठ तास पालथं आणि उताणं पडून राहायचं. तिसऱ्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांवर उतरली तेव्हाही तो घाबरला नाही, कारण ते कागदावर लिहून दिलं होतं. रात्री दोन-तीन उशा लावून डोकं उंच ठेवून झोपला, सलाईनचा फवारा मारत राहिला, दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत खपल्या पडल्या. सगळं सांगितल्याप्रमाणे. नंतर केस गळायला लागले तेव्हा त्याने ट्रान्सप्लांट केलेल्या केंद्राच्या व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. उत्तर आलं, "नॉर्मल आहे सर." तीन शब्द. एका माणसाची झोप उडाली आहे आणि त्याला तीन शब्दांत वाटेला लावलं, याचा मला आजही राग आहे.

मी डॉक्टर नाही. डोक्याच्या कातडीबद्दल मत देणं माझं काम नाही. पण दोन गोष्टी माझ्या कामाच्या होत्या आणि त्या पहिल्याच तासात केल्या. पहिली, सरळ विचारलं: "जगायला नको असं वाटतं का?" तो थोडा थांबला. म्हणाला, कुठेतरी निघून जावंसं वाटतं, पण जिवाचं काही करायचा विचार नाही. दुसरी, कोणती गोळी चालू आहे ते विचारलं. फिनास्टेराइड, १ मिलिग्रॅम. उरलेले मूळचे केस टिकावेत म्हणून ती बऱ्याच जणांना देतात. पण २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने या गोळीच्या दुष्परिणामांत आत्महत्येचे विचार येणं हाही एक असल्याचं पक्कं केलं आहे. उदास माणसाने ती आपल्या मनाने चालू ठेवायची नाही आणि आपल्या मनाने बंदही करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. म्हणून माझ्या पत्रासह त्याला एका त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. जाताना आम्ही दोघांनी मिळून कागदावर चार प्रश्न लिहिले, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर माणूस नेमकं विचारायचं तेच विसरतो.

तो परत आला तेव्हा कागद भरलेला होता. डॉक्टरांनी भिंगातून डोकं तपासलं, जंतुसंसर्ग नव्हता. गोळी तूर्त थांबवून पुन्हा दाखवायला सांगितलं होतं. आणि पुडीबद्दल त्यांनी जे सांगितलं ते निखिलने मला अक्षरशः समजावून दिलं. तो पांढरा ठिपका म्हणजे मूळ नाहीच. गळणाऱ्या प्रत्येक केसाच्या टोकाला तशी गाठ असते, आपल्या रोजच्या कंगव्यातल्या केसालाही. खरं मूळ कातडीच्या आत असतं. आठ-दहा दिवसांत ग्राफ्ट धरला की नुसता केस गळल्याने ते बाहेर येत नाही. एका जागेवरून काढून दुसरीकडे बसवण्याचा धक्का मुळाला बसतो, ते विश्रांतीत जातं आणि वरची काडी सोडून देतं. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात हे होतं. आजूबाजूचे मूळचे केसही थोडे गळू शकतात. विश्रांती साधारण तीन महिन्यांची. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे केस डोकावतात, तेही आधी बारीक, कधी वेडेवाकडे. मग महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढ. सहाव्या महिन्यात अर्धंअधिक चित्र दिसतं, पुरतं दिसायला वर्ष जातं, माथ्यावर दीड वर्षही.

"म्हणजे मे महिन्यात काहीच नसणार," तो म्हणाला.

"फारसं नसणार," मी म्हणाले. खोटी आशा मी लावली नाही. लग्नसराई डोळ्यांसमोर ठेवून तीन-चार महिने आधी हे करून घेणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, निदान वर्षभर आधी करा किंवा लग्नानंतर करा. मधल्या महिन्यांत तुम्ही आधीपेक्षाही विरळ दिसता.

खरं काम इथून सुरू झालं. माहितीने भीती कमी झाली, सवय गेली नाही. आरशासमोर दिवसाचे जवळजवळ तीन तास जात होते. मोबाइलमध्ये डोक्याचे अकराशेच्या वर फोटो. काही जणांना दिसण्यातला जो दोष इतरांना जाणवतही नाही तोच डोंगराएवढा वाटतो. तो वेगळा आजार आहे, आणि तसं असेल तर शस्त्रक्रियेने समाधान सहसा होत नाही, आधी मानसोपचार लागतात. निखिलचं तसं नव्हतं. त्याचं टक्कल खरंच दिसत होतं. पण तपासण्याचं चक्र त्याच जातीचं होतं: बघायचं, क्षणभर बरं वाटायचं, मग पुन्हा शंका, पुन्हा बघायचं.

आम्ही ठरवलं की आरसा दोनदा, दात घासताना आणि आंघोळीनंतर. फोटो महिन्यातून एकच, एक तारखेला, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, सकाळी आठला, केस कोरडे असताना. उजेड बदलला की डोकं बदललेलं दिसतं, आणि तो रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो दुपारच्या फोटोशी ताडून बघत होता! मोजणी बंद. पहिल्या रविवारी त्याने चाळीस फोटो काढले आणि सोमवारी मला तसं खरं सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात बारा. पुड्या मात्र त्याला टाकवत नव्हत्या. मीही टाका म्हणाले नाही.

मध्येच एकदा त्याने विचारलं, समजा आले, तरी पुन्हा गळणारच ना, पुढचे गेले तसे? याचं उत्तर जुनं आहे. नॉर्मन ओरेंट्राइश या न्यूयॉर्कच्या त्वचारोगतज्ज्ञाने १९५९ मध्ये मांडलं की मागचा केस पुढे लावला तरी त्याचा स्वभाव मागचाच राहतो. पुढचे केस ज्या संप्रेरकामुळे झिजतात त्याला मागचे सहसा बधत नाहीत. अख्खी शस्त्रक्रिया या एका गोष्टीवर उभी आहे. हे ऐकून तो बऱ्याच दिवसांनी मनापासून हसला. "स्वभाव मागचाच राहतो" हे त्याने दोनदा म्हणून बघितलं.

राहिला लपवालपवीचा प्रश्न, आणि माझ्या मते केसांपेक्षा त्यानेच त्याला जास्त पोखरलं होतं. खोलीतल्या मित्राखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. आईला फोनवर सांगायचं असं तीन वेळा ठरलं, तिन्ही वेळा राहिलं. आणि एप्रिलमध्ये आईच पुण्यात आली, डोळे दाखवायला. कोकणातली माणसं, चिपळूणच्या पुढची. दोन दिवस ती गप्प राहिली. दुसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर म्हणाली, "घरातसुद्धा टोपी का रे? वाळलायस किती. मला खरं सांग, डोक्यात गाठबीठ निघालीय का?"

तो मला हे सांगताना रडला. आपण आईला लाजेपासून वाचवतोय असं त्याला वाटत होतं, आणि ती माउली दोन महिने मुलाला कर्करोग झालाय अशा भीतीत होती. टोपी, बाहेरगावचं काम, व्हिडिओ कॉलला नकार, सगळं तिने एकत्र जोडलं होतं.

त्याने टोपी काढली. आईने त्याला दिव्याखाली बसवलं, मागचे बारीक ठिपके बोटाने चाचपले आणि विचारलं, "दुखलं का रे खूप?" तोवर हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, मित्राने नाही. पहिल्या भेटीत मीही नाही, हे मला त्याच वेळी उमगलं. मग त्याने केस गळाल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "तरवा काढून लावला की भातही चार दिवस पिवळं पडतं. मूळ धरलं की येतं वर. तू सारखं उपटून बघू नकोस म्हणजे झालं." त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगातून बघून जे सांगितलं ते हिने चिखलात उभं राहून शिकलेलं होतं. पुड्या त्याने त्याच आठवड्यात टाकल्या.

मेच्या लग्नासाठी आम्ही एक वाक्य तयार केलं. माझ्या खोलीत त्याने ते दहा वेळा मोठ्याने म्हटलं, आधी जमिनीकडे बघत, मग माझ्याकडे बघत: "ट्रान्सप्लांट केलंय, यायला वर्ष लागतं." मांडवात मामांनी "हे काय, केस कापलेस?" विचारलं तेव्हा त्याने ते म्हटलं. मामा "बरं" म्हणाले आणि वाढप्याला हाक मारायला गेले. जेवणानंतर दोन चुलतभाऊ त्याला मांडवामागे घेऊन गेले आणि खर्च किती, दुखतं का, सगळं विचारून घेतलं.

त्यांना त्याने जे सांगितलं ते मीही सांगेन. कमी पैशांच्या जाहिरातीवर जाऊ नका. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून घेतलेलं शिक्षण यासाठी पुरेसं नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. डॉक्टर कोण, हत्यार नेमकं कुणाच्या हातात असणार, हे आधी विचारा. ताप, पू, वाढत जाणारं दुखणं, काळी पडणारी कातडी यातलं काही दिसलं तर व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवत बसू नका, जाऊन दाखवा. आणि त्या दोन-तीन महिन्यांसाठी घरातलं एक तरी माणूस सोबत घ्या, ज्याच्यासमोर टोपी काढता येईल.

निखिल शेवटचा आला तो नोव्हेंबरमध्ये. पुढे केस छान आले आहेत, माथा अजून विरळ आहे, त्याबद्दल डॉक्टरांनी आणखी सहा महिने थांबायला सांगितलं आहे. दोन हप्ते बाकी होते. तो पूर्ण तास वडिलांबद्दल बोलला, त्यांच्याशी मोकळं का बोलता येत नाही याबद्दल, आणि पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन गेला.