सर, कधी सोडणार ते सांगा

एप्रिल लागला की दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न हमखास येतो. "पोहण्याच्या क्लासचा अर्धा तास रडण्यातच जातो. एवढ्यात शिकणार काय? वेळ वाढवून घेऊ का?" अशाच एका आईची गोष्ट सांगते, ओळख पटू नये इतपत बदलून.

मुलगा सात वर्षांचा. एकवीस दिवसांच्या बॅचचे आठ दिवस संपले, तरी हा पायरी सोडेना. "घरी बादलीत तासभर खेळतो हो," आई म्हणाली. तेवढंच वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

दुसऱ्या भेटीत टेबलावर पातेलंभर पाणी ठेवलं आणि त्याला म्हटलं, "क्लासमध्ये काय करतात, मला शिकव." त्याने माझं मनगट धरलं, हात पाण्यावर आणला आणि एकदम सोडून दिला. पाणी वहीवर उडालं.

"असं करतात."

"मग?"

"मग नाकात जातं. सर कधी सोडणार ते सांगतच नाहीत."

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात. पाण्याशी त्याचं भांडण नव्हतंच. आधार कधी सुटेल आणि परत कधी मिळेल, हे त्याला कळत नव्हतं. अशा वेळी वेळ वाढवून मिळतो तो फक्त धास्तीचा अर्धा तास जास्त. 1924 साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका छोट्या मुलाची भीती घालवली. तो आवडीचं खात असताना ससा रोज थोडा थोडा जवळ आणला. लहान पावलांवरचा माझा विश्वास तिथून आलाय, आणि तो आजवर फोल ठरलेला नाही.

तिसऱ्या भेटीला त्याचे सर आले. मनापासून शिकवणारा तरुण. म्हणाले, "मॅडम, अर्ध्या तासात श्वास, फ्लोटिंग, किक, सगळं बसवायचं असतं." मी म्हटलं, एका दिवशी नवीन गोष्ट एकच घ्या. सुरुवातीची पाच मिनिटं त्याला जमतं तेच करू द्या, पायरीवर बसून पाय मारणं, पाण्यात फुंकर घालून बुडबुडे काढणं. मग ती एक गोष्ट छोट्या छोट्या प्रयत्नांत, मध्ये दम खात. एकाची पाळी चालू असताना बाकीच्यांना कडेला नुसतं उभं करू नका, त्यांचे बुडबुडे चालू राहू देत. नाहीतर अर्ध्या तासातली पाचच मिनिटं एकेकाच्या वाट्याला येतात. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब कितीतरी वेगाने ओढून घेतं, त्यात मुलं लवकर गारठतात. दात वाजायला लागले की तास संपला असं समजा. आणि शेवट नेहमी जमलेल्या गोष्टीवर, रडण्यावर कधीच नाही.

याच्यासाठी आम्ही उताणं तरंगणं निवडलं, कारण त्यात तोंड वर राहतं आणि बोलता येतं. आकडे त्याने स्वतः म्हणायचे. तीनला सरांचा तळवा पाठीखालून निघणार, पाचला परत येणार. हात मात्र तिथेच, वीतभर खाली.

आई पालक म्हणून काठावर बसायची. बाराव्या दिवशी तिचा फोन आला, मागे शिट्ट्यांचा आणि मुलांचा गलका.

"ताई, ऐका," म्हणत तिने फोन पाण्याकडे धरला.

"चार... पाच!" आणि लगेच, "सर, आता दहापर्यंत सोडा!"